कडक वेगळं, ताठ वेगळं
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी एकतीस वर्षं लेथवर काढली. पिंपरी-चिंचवडच्या एका टूलरूममध्ये टर्नर म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. आज जी फजिती सांगणार आहे ती एखाद्या नवख्या पोराची असती, तर सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. ती माझी आहे, म्हणून सांगतो.

माझा धाकटा भाऊ पुण्यात कसबा पेठेत गणपतीची मखरं करतो. अठरा वर्षं त्याने थर्माकोलची मखरं केली. कमानी, खांब, महिरप, मागची प्रभावळ, सगळं थर्माकोलचं. कापायला त्याने घरीच एक जुगाड केलं होतं. नायक्रोमची तार ताणून बसवायची, वीज सोडून ती तापवायची आणि पडद्याच्या दोन दांड्यांवर सरकणाऱ्या चौकटीतून थर्माकोल पुढे न्यायचा. तार नुसती जवळ आली तरी थर्माकोल वितळून बाजूला होतो. हाताला काही लागतच नाही. पुढे पुतण्याने त्या चौकटीला दोन छोट्या मोटारी लावल्या, कंप्यूटर जोडला आणि मग नक्षीही आपोआप निघायला लागली. आमच्या घरात त्या यंत्राचं फार कौतुक होतं.

मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली. ती चुकीची होती असं मी म्हणणार नाही. विसर्जनानंतर नदीच्या काठाला काय साठायचं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पण माळा मालाने भरलेला आणि दिवाळीपर्यंतची उधारी अंगावर, अशा माणसाला ते पटवून काय उपयोग? त्या वर्षी भावाने पुठ्ठ्याची मखरं केली, ती हाताने कापली, आणि निम्म्या गिऱ्हाइकांना नाही म्हणावं लागलं. दसऱ्याला तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, लाकूड कापणारं मशीन करू या का? आपल्यासारखंच, पण मोठं."

त्या 'आपल्यासारखंच, पण मोठं' या शब्दांतच घोटाळा होता. मला तेव्हा तो कळला नाही.

ऐकणाऱ्यांपैकी ज्यांना या मशीनची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुतार नक्षीसाठी हातात धरून वापरतात तो राउटर तुम्ही पाहिला असेल. मिनिटाला वीसेक हजार फेरे घेणारी छोटी मोटर आणि तिच्या तोंडाशी कटर. हा राउटर एका पुलावर बसवायचा. पूल पुढे-मागे सरकतो, पुलावर राउटर डावीकडे-उजवीकडे सरकतो आणि कटर वर-खाली होतो. तिन्ही दिशांना मोटारी आणि त्यांना हुकूम देणारा कंप्यूटर. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मोटारी, त्यांचे ड्रायव्हर, वायरी हे सगळं मिळतं, आणि पुतण्याला त्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. माझ्या वाट्याला आला तो सांगाडा, आणि सरकण्याची सोय. म्हणजे राउटर ज्यावरून सरळ रेषेत धावणार ते रूळ.

पैसे भावजयीने दिले. तिची भिशी लागली होती. ती मला म्हणाली, "भाऊजी, गॅसची शेगडी बदलायची होती, पण हे आधी करा." हे वाक्य मला पुढचे सहा महिने ऐकू येत होतं.

मी सोळा मिलिमीटर जाडीचे, पाणी दिलेले, वर क्रोम चढवलेले गोल दांडे आणले. दोन बाजूंना दीड-दीड मीटरचे, आणि पुलावर बाराशे मिलिमीटरचे दोन. आरशासारखे चकचकीत. दुकानात मी एकावर कानस मारून पाहिली, तर कानस नुसती घसरली. मी खूष. त्यांच्यावर सरकणाऱ्या लिनिअर बेअरिंगा, दोन्ही टोकांना दांडे धरायला जाड प्लायवूडचे ठोकळे, आणि मार्च २०१९ मध्ये आमचं यंत्र उभं राहिलं. बोटाने ढकललं की पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाजही न करता जायचा.

मग त्याने सहा मिलिमीटरचा एमडीएफ कापायला घेतला.

आमच्या मखराची कल्पना अशी होती, की खिळा नको, फेविकॉल नको. एका पट्टीला दात आणि दुसरीला खाच. घरी नेऊन एकात एक अडकवायचं, गणपतीनंतर मोकळं करून गादीखाली ठेवायचं. यासाठी खाच दातापेक्षा अगदी नावाला मोठी हवी. पाव मिलिमीटर जास्त झाली तर डुगडुगते, कमी झाली तर हातोडी मागते. आमच्या खाचा एका दिशेला सव्वासहा आणि दुसऱ्या दिशेला सात मिलिमीटरच्या झाल्या. वर्तुळ काढायला सांगितलं तर लिंबू निघालं. कमानीचे डावा-उजवा भाग कंप्यूटरवर एकमेकांचे आरसे होते. कापून समोरासमोर धरले तर सख्खे भाऊही वाटेनात. कटर लाकडात शिरला की घरघर असा एक आवाज यायचा आणि कडेला पायऱ्या-पायऱ्या उमटायच्या. तो आवाज मी लेथवर हजार वेळा ऐकलेला. आम्ही त्याला चॅटर म्हणतो. जॉब किंवा टूल, कुणीतरी थरथरतंय, असा त्याचा अर्थ.

मे महिन्यात नमुन्याचं एक मखर एका गिऱ्हाइकाच्या घरी उभं केलं आणि कमान एका अंगाला कलली. भावाने तिथेच खिशातून खिळे काढून ठोकले, वर लांबी भरली. परत येताना रिक्षात तो एवढंच म्हणाला, "दादा, खिळेच मारायचे तर मशीन कशाला?"

घरी येऊन मी दांडे पुन्हा तपासले. कुठे ओरखडा नाही, झीज नाही. इतका कडक माल, मग चुकतंय कुठे? पुतण्या तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याने वहीत एक गणित मांडलं आणि वही माझ्यापुढे सरकवली. ते आकडे मला अजून पाठ आहेत. दोन टोकांना टेकवलेला, मधे बाराशे मिलिमीटर मोकळा असा सोळा मिलिमीटरचा पोलादी दांडा. मधोमध दहा किलो वजन. वाक, साडेपाच मिलिमीटर. आमच्या पुलावर दांडे दोन होते म्हणून ओझं वाटलं जायचं, तरी प्रत्येकाच्या वाट्याला दोन-अडीच मिलिमीटर यायचेच. बाजूचे दांडे दीड मीटरचे, त्यांचा वाक जवळजवळ दुप्पट. आणि काही न टांगता, नुसत्या स्वतःच्या वजनानेही सोळाचा दांडा मधे अर्ध्या मिलिमीटरहून जास्त झोळ धरतो. टोकं घट्ट आवळून धरली तर हे आकडे बरेच उतरतात, हे खरं. पण माझी टोकं प्लायवूडमध्ये होती.

मी म्हटलं, "अरे, पण हे पाणी दिलेले दांडे आहेत." तो म्हणाला, "काका, गणितात पाणी कुठेच येत नाही."

आणि ते बरोबर होतं. आपल्या भाषेत कडक, कठीण, टणक, ताठ असे कितीतरी शब्द आहेत आणि आपण ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. पोलादाच्या बाबतीत ते वापरता येत नाहीत. पाणी दिल्याने पोलाद कठीण होतं. म्हणजे त्यावर चरा पडत नाही, ते लवकर झिजत नाही, आणि जास्त वाकवलं तरी वाकडं न राहता परत सरळ होतं. पण ठरावीक वजनाखाली किती वाकायचं, यात पाणी दिलेलं पोलाद आणि साधं पोलाद यांत जवळजवळ फरक नाही. तो ताठपणा येतो आकारातून. फूटपट्टी आडवी धरून दाबा, लगेच वाकेल. तीच उभी धरा, वाकणार नाही. लाकूड तेच, पट्टी तीच. गोल दांड्याची जाडी दुप्पट केली तर वाक सोळावा हिस्सा होतो. सोळाच्या जागी वीसचा दांडा असता तर साडेपाचचे सव्वादोन झाले असते, पंचवीसचा असता तर एकाच्या जरा खाली. उलट, मोकळी लांबी दुप्पट केली की वाक आठपट.

हे मला माहीत नव्हतं का? लेथवर लांब, बारीक शाफ्ट दोन सेंटरमध्ये धरून कापला तर मधे तो टूलपासून पळतो आणि जॉब मध्यावर जाड राहतो. शिकाऊ मुलांवर मी किती वेळा ओरडलो असेन, "अरे, मधे स्टेडी लाव!" म्हणजे मधे आधार दे. तोच मी, घरच्या मशीनला बाराशे मिलिमीटर दांडा अधांतरी ठेवून मोकळा झालो. कारण डोळ्यांसमोर थर्माकोलचं यंत्र होतं. तिथे पडद्याचे दांडे चालले, कारण तापलेल्या तारेला जोर लावावाच लागत नाही. लेसरने कापणाऱ्या यंत्रालाही लागत नाही. कटर मात्र लाकडाला ढकलतो आणि लाकूड त्याला तितकंच परत ढकलतं. तो धक्का शेवटी जातो कुठे? रुळांत.

मग पर्याय शोधायला लागलो. जाड दांडे घ्यावेत, हा पहिला विचार. पण पंचवीसचा दांडाही अधांतरीच राहणार, आणि त्याचं वजन पुलावर वाढणार. दुसरा प्रकार बाजारात असतो तो खालून आधार असलेल्या दांड्याचा. गोल दांडा ॲल्युमिनियमच्या लांब बैठकीवर स्क्रूने बसवलेला. मधला झोळ संपला. पण आधाराची जागा सोडावी लागते म्हणून त्याच्यावर सरकणारी बेअरिंग खालून चिरलेली असते, इंग्रजी 'सी' अक्षरासारखी. वरून दाबलं तर ठीक, पण त्या चिरेच्या बाजूने ओढलं की ती फाकायला बघते. पूल बाजूला रेटला जातो तेव्हा नेमकं एका बाजूला दाब आणि दुसरीकडे ओढ असं होतं. नुसतं पाइन लाकूड, साधं प्लायवूड हळूहळू कापायचं असेल तर हा प्रकार वाईट नाही. पैसे फारच बेताचे असतील तर मी आजही तो सुचवीन. गोल दांडे अधांतरी ठेवा असं मात्र कुणालाच सुचवणार नाही.

तिसरा प्रकार म्हणजे ज्याला आमच्या शॉपमध्ये सगळे 'एलएम' म्हणतात तो. चौकोनी पोलादी पट्टी, तिच्या दोन्ही अंगांना ग्राइंड करून काढलेल्या पन्हळी, आणि त्या पन्हळींतून छऱ्यांच्या रांगांवर धावणारा ब्लॉक. छरे एका बाजूने पुढे जातात, ब्लॉकच्या पोटातून फिरून परत मागून येतात. चारही बाजूंनी धरलेला असल्यामुळे ब्लॉक वर ओढा, खाली दाबा, बाजूला रेटा, त्याला सगळं सारखंच. जपानच्या टीएचके कंपनीने १९७२ मध्ये हा प्रकार बाजारात आणला. 'एलएम गाइड' हे नावही तिचंच, पण कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसं आपल्याकडे कुणाच्याही पट्टीला एलएमच म्हणतात.

या पट्ट्या रुंदीच्या आकड्यावर विकल्या जातात. पंधरा, वीस, पंचवीस, असं. दुकानदार वजनाचा तक्ता दाखवतो. तो पाहून माणूस गोंधळतो, कारण पंधराच्या एका ब्लॉकची क्षमतासुद्धा कागदावर टनाच्या वर असते. आपल्या मखराच्या मशीनला टनाशी काय घेणं? मग सगळ्यात बारीक, सगळ्यात स्वस्त पट्टी घ्यावी असं वाटतं. मी वीसची घेतली, त्याचं कारण थोडं हसण्यासारखं आहे. पंधराच्या पट्टीला चार मिलिमीटरचे स्क्रू लागतात, वीसच्या पट्टीला पाच मिलिमीटरचे. स्क्रूंची भोकं दर साठ मिलिमीटरवर. दीड मीटरच्या दोन पट्ट्या म्हणजे पन्नास भोकं, आणि पन्नास भोकांत हाताने आटे पाडायचे. चार मिलिमीटरचा टॅप जाड पोलादात किती सहज मोडतो, आणि मोडलेला टॅप काढताना तोंडातून काय काय निघतं, हे ज्याने केलंय त्याला विचारा. आकड्यांच्या तक्त्यात हे कारण सापडणार नाही. अर्थात वीसची पट्टी आणि तिचा ब्लॉक जास्त ताठ असतो, हेही आहेच.

सेकंडहँड पट्ट्या घ्याव्यात म्हणून मी दोन रविवार जुन्या बाजारात घालवले. मोडीत निघालेल्या मशीनच्या चांगल्या पट्ट्या अधूनमधून मिळतात. तिथे बघायचं ते एवढंच. पन्हळीतून नख फिरवायचं; नख कुठे अडखळलं तर गंजाचा खड्डा आहे, सोडून द्या. आणि पट्टी एका कंपनीची, ब्लॉक दुसऱ्या कंपनीचे असतील तर फुकट दिले तरी घेऊ नका. वीसचा वीसला बसतोच असं नाही. मला चार पट्ट्यांचा जोडीचा माल मिळाला नाही. शेवटी नवीन घेतल्या, ब्लॉकसकट, जवळजवळ सव्वीस हजार. या खेपेला पैसे माझ्या मुदत ठेवीतले.

एक प्रसंग इथे सांगितला पाहिजे. नवी पट्टी आली त्या संध्याकाळी भावाने कौतुकाने ब्लॉक पुढे-मागे सरकवला, जरा जास्तच पुढे सरकवला, आणि तो पट्टीच्या टोकावरून बाहेर आला. काही ब्लॉकमध्ये छरे धरून ठेवायला तार असते. आमच्यात नव्हती. कसब्यातल्या त्या जुन्या खोलीची फरशी एका बाजूला उतरती आहे, हे त्या दिवशी छऱ्यांनी सिद्ध केलं. रात्री साडेअकरापर्यंत घरातली चार माणसं बॅटरी आणि लोहचुंबक घेऊन कपाटाखाली. दोन छरे शेवटपर्यंत मिळाले नाहीत. ब्लॉकबरोबर प्लॅस्टिकचा एक तुकडा येतो. ब्लॉक पट्टीवरून त्याच्यावर उतरवायचा असतो. तो आम्ही पॅकिंगचा कचरा समजून टाकला होता.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ती दुकानात कुणी सांगत नाही. एलएमची पट्टी स्वतः काही पेलत नाही. ती पूल नाही, वासा नाही. हातात धरली तर ती जराशी वाकडीही दिसेल, घाबरू नका. ज्या बैठकीवर तिला आवळाल तिच्यासारखी ती सरळ होते. आणि बैठक वाकडी असेल तर तितक्याच इमानाने वाकडी होते. म्हणजे सव्वीस हजारांच्या पट्ट्या घेऊन त्या प्लायवूडवर मारल्या तर तुम्ही सव्वीस हजारांचं प्लायवूड घेतलंत.

म्हणून सांगाडा नवा केला. जाड भिंतीचे चौकोनी लोखंडी पाइप, आणि पुलाला शंभर बाय शंभरचा पाइप. इथेही तोच आकाराचा हिशेब. पोकळ असला तरी रुंद पाइप हा भरीव दांड्यापेक्षा कितीतरी ताठ. शेजारच्या फॅब्रिकेटरने वेल्डिंग केलं, आणि वेल्डिंगने आपलं काम केलं. गरम झालेली बाजू गार होताना आखडते आणि पाइप ओढून घेते. सुतळी ताणून पाहिलं तर दीड मीटरात एक मिलिमीटर पोट आलेलं. मी घाईत पट्टी तशीच आवळून पाहिली. ब्लॉक टोकांना मोकळा आणि मध्यावर जड, जणू कुणी हात धरतंय. असा चालवला तर ब्लॉक थोड्या महिन्यांत संपतो.

माझा एक जुना शिकाऊ मुलगा भोसरीत काम करतो. त्याने सांगाडा त्यांच्या मोठ्या मिलिंग मशीनवर टाकला आणि दोन्ही बाजूंच्या बैठका एकाच सेटिंगमध्ये मारून दिल्या. 'एकाच सेटिंगमध्ये' हे आमच्या धंद्यातले फार मोलाचे शब्द आहेत. जॉब सोडून परत धरला की आधीची समांतरता गेली. एकदाच धरून दोन्ही पृष्ठभाग मारले तर ते एकमेकांशी खरे राहतात. ज्यांना अशी ओळख नाही ते लोक दोन्ही बैठकांभोवती पाळ घालून पातळ, हळू घट्ट होणारं इपॉक्सी ओततात. पाण्यासारखं ते आपली पातळी स्वतः शोधतं. मात्र दोन बाजूंचे पाट एका आडव्या पाटाने जोडावे लागतात, नाहीतर पातळ्या दोन वेगळ्या. मी ते केलेलं नाही, पण केलेलं पाहिलं आहे आणि चांगलं झालेलं पाहिलं आहे.

बसवताना एक पट्टी मालक आणि दुसरी तिच्या मागून चालणारी. मालक पट्टी कडेला टेकवून मधून टोकांकडे थोडी-थोडी आवळत नेली. दुसरीचे स्क्रू सैल ठेवले, दोन्ही पट्ट्यांवर पूल चढवला आणि पूल एका टोकाला नेऊन तिथले स्क्रू आवळले, मग दुसऱ्या टोकाला नेऊन तिथले, मग मधले. म्हणजे दुसरी पट्टी आपली जागा पुलाला विचारून घेते. दोघींनाही आपापल्या मनाने आवळलं की भांडण ठरलेलं.

ब्लॉक प्रत्येक पट्टीवर दोन, आणि त्या दोघांत जमेल तेवढं अंतर. हे अंतर वाचवायचा मोह होतो, कारण त्याने मशीनचा पल्ला कमी होतो. पण हिशेब बघा. दोन ब्लॉक शंभर मिलिमीटरवर असले आणि त्यांच्यात पाच शतांश मिलिमीटरची ढील असली, तर अडीचशे मिलिमीटर खाली लोंबणाऱ्या कटरच्या टोकाला तीच ढील अडीचपट होऊन पोचते. ब्लॉक दोनशेवर नेले की ती निम्मी. फुकटात मिळणारा ताठपणा आहे हा. राउटर जितका वर उचलून बसवता येईल तितका बसवला, तेही फुकटच.

मग आम्ही एक परीक्षा घेतली, आणि कुणी असं मशीन करत असेल तर हीच परीक्षा आधी घ्यावी असं मला वाटतं. भाजीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा लटकता काटा घेतला, कटरच्या टोकाला अडकवून आडवा ओढला, पाच किलोपर्यंत. दुसऱ्या बाजूला डायल गेज. जुन्या यंत्रावर हाच प्रयोग केला होता तेव्हा काटा पावणेदोन मिलिमीटर सरकला होता. नव्यावर तो बारा शतांशांवर थांबला. भावाने तीनदा ओढून पाहिलं. मग तो काही न बोलता चहा सांगायला खाली गेला.

तोपर्यंत जुलै संपत आला होता आणि तीस मखरांचा इसार घेतलेला. २०१९ची गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती. त्या ऑगस्टचा पाऊस आठवत असेल, कोल्हापूर-सांगलीला महापूर आला तो. पुण्यातही हवा इतकी दमट, की एमडीएफच्या कडा फुगायला लागल्या. यंत्र आता शब्दाला जागत होतं, तर लाकूड बदललं. सहाचा म्हणून घेतलेला पत्रा एकेका ठिकाणी साडेसहा भरायचा. मग पुतण्याने प्रत्येक पत्रा चार कोपऱ्यांत मोजून खाच त्या मापाची पाडायची पद्धत बसवली. अठ्ठावीस मखरं वेळेवर गेली. दोघांचे पैसे परत केले. त्यातला एक जण अजून आमच्याशी नीट बोलत नाही, आणि त्याचं चुकतंय असं नाही.

धुळीबद्दल मी आधीच विचार करायला हवा होता. एमडीएफचा भुगा पिठासारखा बारीक. तो पट्टीवर बसतो, ग्रीसमध्ये कालवतो आणि छऱ्यांना पॉलिशपेपरचं काम करतो. पट्ट्या पत्र्याच्या पातळीच्या खाली, बाजूला तोंड करून बसवल्या तर निम्मा भुगा चुकतो. माझ्या वर तोंड करून आहेत. म्हणून रोज संध्याकाळी सुक्या फडक्याने पुसायच्या आणि आठवड्याला ब्लॉकमध्ये ग्रीस भरायचं, असा नेम आहे. हा भुगा छातीतही जातो. तोंडाला चांगला मास्क आणि कटरपाशी भुगा ओढणारं नळकांडं हवंच.

ते सोळा मिलिमीटरचे दांडे टाकून दिले नाहीत. आमच्या घरात काहीच टाकून देत नाहीत. भावजयीने ते गॅलरीत कपडे वाळत घालायला वर टांगले आहेत. ओली चादर टाकली की मधे छान बाक येतो, आणि चादर वाळून हलकी झाली की दांडा पुन्हा सरळ. पाणी दिलेला आहे ना. शेगडी तिने २०२० च्या पाडव्याऐवजी २०२१ च्या पाडव्याला घेतली, कारण मधे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे.

आता पुतण्याच्या मनात ॲल्युमिनियम आहे. कुणीतरी त्याला दुकानांच्या पाट्यांची अक्षरं कापून मागितली आहेत, दोन मिलिमीटर पत्र्यातून. मी विचारलं, पट्ट्या बदलायच्या का? तो म्हणाला, पंचवीसच्या टाकू. मी म्हटलं, पट्टी राहू दे, आधी बघ वाकतंय कोण. पूल, की पुलाचे पाय, की राउटरची पकड? एकेकाला डायल लाव आणि काटा ओढ. आकडे घेऊन ये, मग बाजारात जाऊ. अजून त्याने आकडे आणलेले नाहीत. दिवाळीनंतर आणतो म्हणालाय.